न थांबणारं चित्र : कल्याणच्या काचांपासून सिलतऱ्याच्या डीव्हीडीपर्यंत

रायपूरहून बोलतोय. या मालिकेत आपण बहुतेक वेळा किल्ले, मोहिमा आणि छावण्यांबद्दल बोलतो. आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, कर्नलसाहेब, डीव्हीडीचा कसला आलाय इतिहास? पण इतिहास फक्त तलवारीचा नसतो. माणसानं माणसाला एखादी गोष्ट दाखवून कशी समजावली, याचाही इतिहास असतो, आणि त्यावर कधीकधी जीव अवलंबून असतात.

आजचा विषय आहे फिरती चित्रफीत. संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू होणारी. दुकानात, प्रदर्शनात, दवाखान्यात, स्टेशनवर आपण ती रोज बघतो. कुणी यावं, कुणी जावं, चित्र आपलं चालूच. आपल्याकडच्या अखंड हरिनाम सप्ताहासारखं. सप्ताहात पहारे बदलतात, माणसं बदलतात, पण वीणा खाली ठेवत नाहीत. जो जेव्हा येईल तेव्हा त्यात सामील होतो, उशिरा आलेल्याला दार बंद नसतं. फिरत्या चित्रफितीचं मर्म हेच आहे.

आधी थोडं मागं जाऊ.

पोथी, काच आणि दिवा

चित्र दाखवून गोष्ट सांगायची आपली जुनी रीत म्हणजे चित्रकथी. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजानं ती आजवर सांभाळली आहे. चित्रांची पोथी समोर धरायची, एकेक पान दाखवायचं आणि रामायण-महाभारतातली कथा गात सांगायची. आजच्या भाषेत सांगायचं तर हे प्रेझेंटेशनच. फरक एवढाच, की सांगणारा गप्प बसला की चित्रही गप्प.

त्यानंतर दिवा आला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये आपल्या मुलांना बरोबर घेऊन ‘शांबरिक खरोलिका’ लोकांसमोर आणली. हा मॅजिक लँटर्नचा, म्हणजे चित्रदीपाचा खेळ. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, मागं दिवा, पुढं भिंग आणि समोर पडदा. शंबरासुर हा मायावी राक्षस, म्हणून मायेच्या या खेळाला ‘शांबरिक’ हे नाव. एका चित्राच्या जागी झटपट दुसरं चित्र आणून हालचालीचा भास व्हायचा. लक्षात घ्या, मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चित्रं दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ ला. म्हणजे सिनेमा मुंबईत उतरण्याच्या चार वर्षं आधी मराठी माणूस पडद्यावर चित्रं हलवत होता.

पण इथंही माणूस लागायचाच. पट्टी सरकवणारा हात थांबला, की खेळ थांबला.

टोकाला टोक जोडलं आणि

चित्र स्वतःहून फिरत राहावं, ही युक्ती युरोपात खेळण्यांतून आली. १८३२ च्या सुमारास बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी एक चकती केली. तिच्या कडेनं एकाच हालचालीची क्रमवार चित्रं. चकती फिरवून आरशात फटींमधून पाहिलं, की चित्रातला माणूस नाचायला लागायचा. दोनेक वर्षांत इंग्लंडच्या विल्यम हॉर्नर यांनी हीच कल्पना पिंपात आणली. आतल्या बाजूला चित्रांची पट्टी, पिंप फिरवा आणि फटींमधून बघा. पट्टीचं शेवटचं चित्र पहिल्याला जोडलेलं असल्यामुळं या खेळाला शेवटच नव्हता.

पुढं एडिसनच्या कारखान्यात किनेटोस्कोप तयार झाला. १४ एप्रिल १८९४ ला न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर त्याचं पहिलं दालन उघडलं. हे उभं लाकडी खोकं होतं. वरच्या भोकाला डोळा लावायचा आणि एका वेळी एकानंच बघायचं. आत सुमारे ५० फूट फिल्म, तिची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली आणि कप्प्यांवरून नागमोडी ओवलेली. एक गिऱ्हाईक गेलं की दुसरं, फिल्म गुंडाळायचं कामच नाही. धंद्यात वापरलेली ही पहिली फिरती चित्रफीत म्हणायला हरकत नाही. म्हणजे सिनेमा पडद्यावर यायच्या आधीच ‘लूप’ आला होता.

१९६० च्या दशकात अमेरिकेत ही कल्पना शाळांसाठी परत वापरात आली. टेक्निकलर कंपनीनं ८ मिलिमीटरची फिल्म प्लास्टिकच्या डबीत टोकाला टोक जोडून बसवली. जास्तीत जास्त चारेक मिनिटांचं चित्र. डबी प्रोजेक्टरमध्ये सारली की सुरू. रीळ लावणं नाही, उलटं गुंडाळणं नाही. गाठ कशी मारायची, पेशीचं विभाजन कसं होतं, असल्या एकेका गोष्टीची एकेक डबी. विद्यार्थ्यानं समजेपर्यंत बघावी. एक डबी, एक मुद्दा, हे सूत्र मला फार आवडतं. पुढं ते कामालाही आलं.

फाळक्यांचा वाटाणा

आता आपल्या दादासाहेब फाळक्यांकडे येऊ. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. चित्रपट काढायचा तर भांडवल हवं. पण ज्यांनी पैसे द्यायचे, त्यांना या माणसाला काय येतं हे कसं कळणार? फाळक्यांनी व्याख्यान दिलं नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा रोखून ठेवला आणि रोज थोडंथोडं चित्रण करत महिन्याहून जास्त काळ काढला. तयार झाला मिनिटभराचा लघुपट. दाण्यातून कोंब येतो, कोंबाचा वेल होतो, आणि हे सगळं बघता बघता. तो पाहून पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

माझ्या मते आपल्या देशातली प्रेझेंटेशनसाठी मुद्दाम केलेली पहिली मोठी चित्रफीत हीच. छोटी, एकाच मुद्द्याची, शब्दांवाचून कळणारी. शंभर वर्षांनी आम्ही सिलतऱ्यात जे करायला बसलो, त्याचे सगळे नियम त्या वाटाण्यात होते.

रायपूरवरचा उपग्रह

आता आमच्या छत्तीसगडकडे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष, भारतात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. विक्रम साराभाईंनी पाहिलेलं स्वप्न, इस्रोची मेहनत आणि नासानं वापरायला दिलेला एटीएस-६ हा उपग्रह. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच बसवले गेले. छपरावर जाळीची मोठी छत्री आणि खाली सगळं गाव. तेव्हाच्या मध्य प्रदेशातली गावं या प्रयोगासाठी निवडली गेली ती आपल्या रायपूरच्या भागातली. सकाळी मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. वीज नव्हती तिथं काही संच बॅटरीवर चालवले. मुंबई-दिल्लीतही घरोघरी टीव्ही नव्हता, तेव्हा छत्तीसगडच्या खेड्यात उपग्रहावरून थेट चित्र उतरत होतं.

कामगिरी मोठीच होती. पण प्रक्षेपणाचा एक स्वभाव असतो. ते एकदा होतं आणि निघून जातं. रोवणीच्या दिवसांत जी बाई संध्याकाळी उशिरा शेतातून परतली, तिच्यासाठी तो कार्यक्रम गेला तो गेलाच. वर्ष संपल्यावर उपग्रहही हलवला गेला. नंतर १९७७ मध्ये रायपूरला जमिनीवरचा प्रक्षेपक आला, पण वेळ तरीही केंद्राची, बघणाऱ्याची नाही.

बघणाऱ्याच्या वेळेला चित्र हजर असावं, हा प्रश्न तिथून पुढं शिल्लक राहिला.

फौजेतली शिकवण

फौजेत आम्हाला हा प्रश्न रोज भेटायचा. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर होता. तो चालवायला शिकलेला जवान वेगळा, आणि तो रजेवर गेला की सगळी पलटण फिल्मला मुकायची. मग स्लाइड प्रोजेक्टर आले. कोडॅकचा कॅरोसेल, ज्याच्या गोल तबकडीत ८० स्लाइड बसायच्या. शेवटच्या स्लाइडनंतर तबकडी फिरून पहिलीवर यायची, म्हणजे तोही एक लूपच. त्यानंतर व्हिडिओ कॅसेट. कॅसेट मात्र संपली की उलटी गुंडाळावी लागते, तेवढा वेळ पडदा कोरा, आणि शंभरदा चालवली की फीत झिजून चित्रावर रेघा येतात.

पण फौजेतली खरी शिकवण यंत्राची नाही, पहाऱ्याची आहे. पहारा बदलला की नव्या संत्र्याला सगळे हुकूम पुन्हा सांगायचे. तो दहा वर्षांचा जुना असला तरी. काल सांगितले होते, हे उत्तर चालत नाही. काल जो उभा होता तो वेगळा होता, किंवा तोच असला तरी आजची रात्र वेगळी आहे.

सिलतऱ्याचं फाटक

निवृत्तीनंतर मी रायपूरला स्थायिक झालो आणि काही वर्षं सिलतऱ्यातल्या एका कारखान्यात सुरक्षा आणि प्रशासनाचं काम पाहिलं. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. महाराष्ट्रातल्या मंडळींना सिलतरा माहीत नसेल. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की हे औद्योगिक क्षेत्र येतं. स्पंज आयर्न, पोलाद, रोलिंग मिल, वीजनिर्मिती. धुरांड्यांची रांग आणि सगळ्यावर काळी धूळ.

स्पंज आयर्न करताना लोखंडाचं खनिज आणि कोळसा लांबलचक फिरत्या भट्टीत, म्हणजे किल्नमध्ये, हजार अंशांच्या आसपास तापवतात. कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि तो खनिजातला ऑक्सिजन खेचून घेतो. जो वायू लोखंड तयार करतो तोच माणसाला मारतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बंदिस्त जागेत उतरलेला माणूस गुदमरल्याचं कळायच्या आत कोसळतो. आणि अशा अपघातांत जगभर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : पहिल्याला वाचवायला जो धावत उतरतो, तोही तिथंच पडतो.

हे कामगाराला सांगणं हे उपकार नाहीत, कायदा आहे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ४१ ब प्रमाणं घातक प्रक्रियेचे धोके आणि त्यावरचे उपाय कामगारांना सांगणं मालकावर बंधनकारक झालं, आणि कलम १११ अ नं सुरक्षिततेची माहिती मिळणं हा कामगाराचा हक्क झाला.

पण सांगायचं कसं? फाटकावर रोज ठेकेदाराची माणसं बदलत. छत्तीसगडी, ओडिया, बिहारचे, झारखंडचे. पुरुष मजुरांबरोबर रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बाया. अनेकांना वाचता येत नव्हतं. फाटकाशेजारी हिंदी-इंग्रजी सूचनांचा मोठा फलक होता आणि त्याला टेकून लोक बिडी ओढत. वर्गात बसवून शिकवायचं तर ठेकेदाराचा मुन्शी घाई करायचा. एक वेळ मात्र सगळ्यांची मोकळी होती : गेट पासच्या रांगेतली. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. त्या रांगेसमोर चित्र सतत फिरत ठेवायचं, असं आम्ही ठरवलं.

चकती कशी केली

आता ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

डीव्हीडीच का? टाइम ऑफिसात जुना काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही पडून होता, त्याला पेन ड्राइव्ह लागत नव्हता. शिवाय लिहून बंद केलेल्या चकतीवरचं कुणाला पुसता येत नाही, तिच्यात रात्रपाळीत सिनेमाही भरता येत नाही. फाटकावर हा गुण मोठा.

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये बाजारात आली. १२ सेंटिमीटरची चकती, एका थरात ४.७ जीबी. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चौकटी. प्लेअरवर ‘रिपीट’चं बटण असतं, पण त्यावर विसंबू नका. वीज गेली की ते विसरतं. फिरणं चकतीतच लिहायचं. डीव्हीडीच्या रचनेत दोन सोयी आहेत. एक, चकती घातल्याबरोबर काय सुरू व्हावं ते ठरवता येतं. दोन, कार्यक्रम संपल्यावर कुठं जायचं याची आज्ञा लिहिता येते. डीव्हीडी बनवायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये या जागा सापडतात. मेनू ठेवायचाच नाही. सुरुवात थेट चित्रानं आणि शेवटी आज्ञा : पुन्हा याच चित्राच्या आरंभी.

इथं एक खाचखळगा आहे. चकती आतून बाहेर वाचली जाते. शेवटाकडून आरंभाकडे येताना लेसरला परत आत सरकावं लागतं, आणि तेवढा क्षण चित्र अडखळतं. दर आठ मिनिटांनी अडखळलं तर बघणाऱ्याला वाटतं संपलं, आणि तो तोंड फिरवतो. उपाय सोपा. आमच्या १२ चित्रफिती, प्रत्येकी ४० सेकंदांच्या, म्हणजे एक फेरी आठ मिनिटांची. ती फेरी सात वेळा एकापुढे एक जोडली, ५६ मिनिटं झाली. आता उडी तासाला एकदाच. आणि तिथंही शेवट काळ्या चौकटीत विरत नेला व आरंभ काळ्यातून उजळत आणला, म्हणजे ती अडखळ काळ्यात लपते.

जुने टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून महत्त्वाचं काहीही कडेच्या दहाव्या हिश्श्यात ठेवलं नाही. कोपऱ्यात कायमचं बोधचिन्हही ठेवलं नाही, कारण दिवसरात्र एकाच जागी राहिलेल्या चित्राचा डाग पडद्यावर उमटतो. आवाज जवळजवळ नाहीच. ट्रकच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही, आणि कोणत्या भाषेत बोलायचं हा प्रश्नही राहत नाही.

सगळ्यात जास्त विचार क्रमावर झाला. सिनेमाला आरंभ असतो, फिरत्या चित्रफितीला नसतो. रांगेतला माणूस कुठूनही बघायला लागतो. म्हणून प्रत्येक चित्रफीत स्वतःपुरती पूर्ण हवी. ‘आधी पाहिल्याप्रमाणे’ असं काहीही चालत नाही. एक डबी, एक मुद्दा. हेल्मेट. पट्टा बांधून उंचीवर चढणं. चालत्या कन्व्हेयरखालून न जाणं. आणि अर्थात टाकीतला वायू. अभिनय आमच्याच कामगारांनी केला. ओळखीचं फाटक आणि ओळखीचा चेहरा पडद्यावर दिसला, की माणूस थांबतो.

दुसरा का पडला?

वायूच्या चित्रफितीत एक माणूस टाकीत उतरतो आणि कोसळतो. दुसरा धावत जातो, उतरतो, तोही कोसळतो. तिसरा थांबतो, हाताची खूण करून इतरांना मागं सारतो, घंटा वाजवतो, आणि श्वसनाचं साधन लावलेली दोन माणसं येतात. चाळीस सेकंद, शब्द एकही नाही.

चकती लावून काही दिवस झाले असतील. रांगेत एक मध्यम वयाची रेजा उभी होती. तिनं ती चित्रफीत एकदा पाहिली, दुसऱ्या फेरीला पुन्हा पाहिली, आणि तिसऱ्या फेरीला मला हाक मारून विचारलं, “साहब, ए दूसर मनखे काबर गिरिस?” हा दुसरा माणूस का पडला? पहिला पडला ते तिला कळलं होतं. दुसऱ्याला तर कुणी ढकललं नव्हतं.

मी वायूबद्दल सांगितलं. दिसत नाही, वास येत नाही, पण आत भरलेला असतो. ती म्हणाली, तिचा मोठा मुलगा याच भागात दुसऱ्या ठेकेदाराकडे कामाला आहे, आणि कुणी पडलेलं दिसलं तर तो आधी धावेल, तसाच आहे तो. मग तिनं मला ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. घरी जाऊन त्याला नीट सांगता यावं म्हणून.

त्या दिवसापासून टाइम ऑफिसातल्या कारकुनाला आम्ही एक काम जोडून दिलं : रांगेतून प्रश्न आला तर उत्तर द्यायचं, आणि प्रश्न वहीत लिहायचा. चित्र तिसऱ्या फेरीला प्रश्न उभा करतं. उत्तराला माणूसच लागतो. पिंगुळीचा चित्रकथी हे फार पूर्वीपासून जाणून आहे.

आता या चकत्यांचं काय?

शेवटी एक काम तुमच्यावर सोपवतो. चित्र फिरून चकती झिजत नाही, कारण तिला फक्त उजेड लागतो. पण घरी लिहिलेल्या चकतीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो, आणि ऊन, उष्णता व दमटपणानं तो बिघडतो. रायपूरचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो. शिवाय चकती वाचणारे प्लेअरच आता बाजारातून नाहीसे होत चालले आहेत.

फिल्मचं काय झालं ते आपण पाहिलंय. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या सुरुवातीच्या सिनेमातला मोठा ठेवा जळाला. चकत्यांना आग लागायची गरज नाही. त्या कपाटात बसल्या बसल्या मुक्या होतात.

रायपूर, इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथं जिथं मराठी मंडळं आहेत, तिथल्या कपाटांत अशा चकत्या पडून आहेत. गणेशोत्सवाच्या, नाटकांच्या, आजोबांच्या सत्काराच्या. कारखान्यांतही आहेत. या आठवड्यात एक कपाट उघडा. ज्या चालतात त्यांची नक्कल संगणकावर घ्या, तीही दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि प्रत्येकीसोबत दोन ओळी लिहा : कुठलं, कधीचं, कोण दिसतंय. त्या दोन ओळी नसल्या, तर पन्नास वर्षांनी चित्र हलेल, पण कुणाचं ते कुणालाच सांगता येणार नाही.

आणि तुमच्यापैकी कुणी कारखान्याच्या फाटकावर अधिकारी असेल, तर आजच्या काळात पेन ड्राइव्ह लावा, मोठा पडदा लावा, काहीही लावा. फक्त चित्र चालू ठेवा, आणि शेजारी एक माणूसही ठेवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.